चिरनेरची वाट

चिरनेर हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत असताना ऐकलेले असते. जंगल सत्याग्रह, १९३०, चिरनेर. परीक्षेपुरते पाठ करायचे आणि निकाल लागला की विसरून जायचे. हे गाव मुंबईपासून किती जवळ आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. पाऊस उघडून हवा निवळली की मुंबईच्या पूर्वेच्या बंदरावरून खाडीपलीकडे डोंगरांची निळसर ओळ दिसू लागते. त्या ओळीत कर्नाळ्याचा अंगठा चटकन ओळखू येतो. त्याच्या अलीकडे, डोंगर आणि खाडी यांच्या बेचक्यात चिरनेर वसलेले आहे. १९३० साली हा मुलूख पनवेलच्या मामलेदाराच्या हाताखाली होता आणि जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. आज गाव उरण तालुक्यात मोडते आणि जिल्हा १९८१ पासून रायगड म्हणवतो.

माझ्या आईचे माहेर त्याच बाजूचे. चिरनेरच्या पलीकडे भाताच्या खाचरांत बुडालेले एक लहानसे गाव. लग्न होऊन ती १९६२ साली गिरगावात आली तेव्हा माहेरी जायचे म्हणजे एक मोहीमच असे. भाऊच्या धक्क्यावर लाँच धरायची, मोरा बंदराला उतरायचे, तेथून उरण, आणि पुढे बैलगाडी मिळाली तर बैलगाडी, नाहीतर पदर खोचून चालणे. लाँच भरतीच्या वेळी लागली तर बरे; ओहोटी असली की चिखल आणि धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या. "माहेर समोर दिसायचं, पण पोचायला दिवस जायचा," असे ती अजून सांगते.

आता तिचे वय ब्याऐंशी. भाऊ गेले, भावजया गेल्या, माहेरचे घर बंद झाले. पण गेल्या वर्षी पितृपक्ष लागला तेव्हा तिने एक दिवस जेवता जेवता सांगून टाकले, "मला एकदा चिरनेरला न्या. आबांनी दाखवलेली जागा पुन्हा बघायची आहे." आबा म्हणजे तिचे वडील. १९३० साली ते पंचवीस वर्षांचे होते आणि अक्कादेवीच्या डोंगरावर गेलेल्या गर्दीत तेही होते. सुदैवाने परत आले, म्हणून पुढे माझी आई आणि तिच्यामागून आम्ही सगळे.

आईचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. प्रश्न होता तो वाहनाचा, आणि तो सोडवायला माझा भाचा एका पायावर तयार होता.

हा भाचा ठाण्याला असतो. नोकरी संगणकाची, पण जीव सगळा मोटारीत. दोन वर्षांपूर्वी त्याने नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडलेली थार घेतली. चारही चाकांना जोर देता येणारी, डोंगरदऱ्यांत हिंडण्यासाठी केलेली गाडी. आपल्याकडे या जातीच्या गाड्यांचा इतिहास मुंबईतूनच सुरू होतो. जीप ही वस्तू दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या सुमारास अमेरिकेत जन्माला आली, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी माझगावात विलीज जीपचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात केली. थार ही त्या जीपचीच पणती. २०२० मध्ये तिचा नवा अवतार आला.

आता, कारखान्यातून आलेली ही गाडी मुळातच काही बुटकी नव्हे. तिचे पोट जमिनीपासून २२६ मिलिमीटर वर असते आणि ६५० मिलिमीटर पाण्यातून ती जाऊ शकते, असे कंपनी सांगते. युद्धातल्या मूळ जीपचे पोट सुमारे पावणेनऊ इंच, म्हणजे जवळजवळ तेवढेच वर होते. त्या जीपने अर्धे जग पालथे घातले. पण हौसेला मोल नसते. मित्रांच्या गाड्या उंच झाल्या, म्हणून ही उंच व्हायलाच हवी होती. गणपतीच्या आधी भाच्याने पनवेलच्या एका गॅरेजात गाडी नेऊन तिला मोठे टायर आणि 'लिफ्ट किट' बसवून घेतले. "मामा, तू ये बघायला," म्हणाला, म्हणून मीही एक दिवस त्या गॅरेजात स्टुलावर बसून काढला.

हे किट म्हणजे काही जादूची पेटी नव्हे. पेटीत होत्या नेहमीपेक्षा लांब स्प्रिंगा, लांब शॉक ॲब्सॉर्बर आणि काही जोडपट्ट्या. मिस्त्रीने गाडी जॅकवर उचलून घोड्यांवर ठेवली, चाके काढली, जुनी स्प्रिंग शिकंज्यात दाबून बाहेर काढली आणि तिच्या जागी नवी बसवली. चार कोपऱ्यांना चार वेळा तेच. ऐकायला सोपे, पण एका जागी उंची वाढली की बाकीचे सगळे अवयव ओढले जातात. ब्रेकची रबरी नळी पुरते की ताणली जाते ते पाहावे लागते. इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा दांडा अधिक तिरपा होतो आणि त्याच्या सांध्यांवर ताण येतो. पुढच्या चाकांचा कोन बिघडतो, म्हणून शेवटी अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढता येत नाही. दिव्यांचा झोत वर जातो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत घुसतो, तोही खाली आणावा लागतो. मिस्त्री साठीच्या पुढचा होता. काम करता करता म्हणाला, "साहेब, माणसाला टाचेचा बूट घातला की कंबर धरते की नाही? तसंच हे."

टायरांचे गणित मला अधिक मनोरंजक वाटले. टायरच्या कुशीवर आकडे कोरलेले असतात. मूळ टायर होता २४५/७५ आर १६. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा सांगतो की टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ७५ आहे. सोळा म्हणजे लोखंडी चक्राचा व्यास, इंचांत. हा हिशेब केला तर चाकाचा व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर निघतो. नवा टायर २८५/७५ आर १६. त्याचा व्यास ८३४. म्हणजे चाक ६० मिलिमीटरने मोठे झाले. पण गाडी ६० ने वर जात नाही. वाढ निम्मी चाकाच्या आसाच्या वर आणि निम्मी खाली वाटली जाते, तेव्हा मिळाले ३० मिलिमीटर.

येथे एक गोष्ट हौशी मंडळींच्या ध्यानात येत नाही. स्प्रिंगांनी वर जाते ती गाडीची काया. मागच्या आसाच्या मधोमध दातेरी चाकांचा जो लोखंडी गोळा असतो, तो चाकांनाच जोडलेला असल्याने स्प्रिंगांनी तसूभरही वर जात नाही. दगडावर आपटतो तो बहुधा हाच. त्याला वर उचलतात ते फक्त टायर. तेव्हा भाच्याच्या गाडीची काया स्प्रिंगांनी ५० आणि टायरांनी ३०, अशी ८० मिलिमीटर म्हणजे तीन इंचांहून थोडी वर गेली. पण आपटणारा गोळा गेला ३० मिलिमीटर, सव्वा इंचाहून कमी. एवढ्यासाठी केलेल्या खर्चाचा आकडा मी बहिणीला अजून सांगितलेला नाही.

आणि मोठे चाक फुकट फिरत नाही. एका फेऱ्यात ते शेकडा पावणेआठने अधिक अंतर तोडते. वेगाच्या काट्याला याची वार्ता नसते. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी साडेचौसष्टच्या पुढे गेलेली असते. चढावर जोर तितकाच कमी पडतो, ब्रेकला अधिक श्रम होतात, तेल अधिक लागते. गाडीचे वजन वर गेल्याने वळणावर ती कलते. पेंढ्याची गाडी पाहिली आहे ना? तीच बैलगाडी, तेच बैल, पण पेंढा चार हात वर रचला की गाडीवान वळणावर जपून हाकतो. सारा मामला तोच.

हे सगळे ज्ञान पदरात घेऊन आम्ही २९ सप्टेंबर २०२४ रोजी, रविवारी सकाळी निघालो. त्या आठवड्यात मुंबईत पावसाने धुमाकूळ घातला होता. रविवारी मात्र आभाळ नुसते झाकोळलेले होते. पहिली अडचण दाराशीच आली. आईने गाडीपाशी जाऊन वर पाहिले, मग पायाकडे पाहिले, मग माझ्याकडे. तीन इंच म्हणजे काय, ते मला गॅरेजात कळले नव्हते. ब्याऐंशी वर्षांच्या गुडघ्याला ते बरोबर कळले.

"आजी, मी उचलून बसवतो," भाचा म्हणाला.

"उचलायला मी काय गव्हाचं पोतं आहे?" आई म्हणाली. "घरातून पाट आण."

पाट पुरला नाही. पाटावर स्टूल ठेवण्याची सूचना कोणी तरी केली, ती मी रद्द केली. शेवटी स्वयंपाकघरातले प्लास्टिकचे स्टूल आले, एका बाजूने मी, एका बाजूने भाचा, आणि आई आसनस्थ झाली. वर बसल्यावर तिला तेथून रस्ता छान दिसला, हे कबूल केले पाहिजे. "उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच," ती म्हणाली. स्टूल गाडीतच राहिले. त्या दिवशी सगळ्या महागड्या सामानात सर्वांत जास्त उपयोग झाला तो त्या स्टुलाचा.

शिवडीला आम्ही अटल सेतूवर चढलो. १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला हा पूल २१.८ किलोमीटर लांब आहे आणि त्यातला साडेसोळा किलोमीटर समुद्रावरून जातो. दोन्ही बाजूंना राखाडी पाणी, मधूनच चिखलाची पठारे. आईने खिडकीतून मोऱ्याची दिशा शोधली. जिथे दिवस जायचा तिथे वीस मिनिटे लागली, आणि ती काहीशी हिरमुसली. "इतक्या लवकर पोचलं तर माहेर कसलं?" वेगाची मर्यादा १०० ची, भाच्याने काटा ९० वर ठेवला होता. खरा वेग ९७ होता हे मला ठाऊक होते, मी बोललो नाही.

चिर्ल्याला पूल संपतो आणि महामुंबई सुरू होते. गव्हाण फाट्यावरून दिघोड्याकडे वळलो की रस्त्यावर राज्य कंटेनरांचे. १९८९ मध्ये न्हावाशेवाचे बंदर सुरू झाले, तेव्हापासून या भागातली भातजमीन एकेक करून गोदामांच्या आवारांखाली गेली. चाळीस फुटी पेट्या वाहणारे ट्रेलर रस्त्याच्या कडेला रांगेने उभे असतात, आणि त्यांच्या वजनाने रस्त्याला पडलेल्या खड्ड्यांत पावसाचे पाणी साचलेले असते. गाडीच्या उंचीचा येथे थोडा फायदा झाला, हे भाच्याने तीन वेळा सांगितले. पुढे विंधणे, कंठवली, आणि एकाएकी आवाज मागे पडतो. डाव्या हाताला हिरवे डोंगर रस्त्यापर्यंत उतरतात, उजव्या हाताला खाचरे. भात फुलोऱ्यातून दुधात आलेले, बांधावर गवत कमरेएवढे. चिरनेर आले.

गावात शिरल्यावर हुतात्मा स्तंभ लागतो. २५ सप्टेंबरचा स्मृतिदिन नुकताच होऊन गेला होता. दर वर्षी त्या दिवशी येथे पोलिसांचे पथक बंदुका उंचावून मानवंदना देते. चार दिवसांपूर्वीचे हार अजून होते, पावसाने काळवंडलेले. स्टूल लावून आईला खाली उतरवले. तिने हात जोडले आणि नावे वाचू लागली.

नावे आठ आहेत. धाकू गवत्या फोफेरकर आणि नवश्या महादेव कातकरी हे चिरनेरचे. बाकीचे मोठी जुई, धाकटी जुई, खोपटे, पाणदिवे, कोप्रोली, दिघोडे अशा आसपासच्या गावांचे. शेतकरी, कोळी, न्हावी, कातकरी. पुढारी म्हणून मिरवणारा त्यांत एकही नाही.

हे लोक कशासाठी डोंगरावर गेले होते, ते समजण्यासाठी भाताची शेती थोडी समजून घ्यायला हवी. कोकणात भाताचे रोप लावण्याआधी राब भाजतात. उन्हाळ्यात लहानशा जागेत शेण, पालापाचोळा, डहाळ्या, गवत आणि वर माती असे थर पसरून ते पेटवतात. जमीन भाजून निघते, तण मरते, राखेचे खत होते, आणि पहिल्या पावसाबरोबर त्यात पेरलेले बी तरारून येते. राबाला पाला आणि डहाळ्या लागतात, घराला पेंढा-गवत लागते, चुलीला लाकूड लागते, आणि हे सगळे पिढ्यान् पिढ्या डोंगरावरून येत असे. सरकारने जंगल राखीव केले. १९२७ च्या वन कायद्याने तो फास पक्का केला. ज्या डोंगराच्या पायथ्याशी जन्मलो त्यावरचा गवताचा भारा आणणे हा गुन्हा ठरला.

१९३० च्या वसंतात गांधीजींनी मीठ उचलले आणि देश हलला. पण पावसाळ्यात मीठ पिकत नाही, आणि महाराष्ट्राच्या आतल्या भागात समुद्र नाही. तेव्हा येथे कायदेभंगाची धार जंगलाकडे वळली. १० जुलैला लोकनायक अणे यांनी पुसदला गवत कापून तुरुंगवास पत्करला. बिळाशीला, संगमनेरला, ठिकठिकाणी लोक कोयते घेऊन निघाले. चिरनेरला तो दिवस २५ सप्टेंबरचा. आसपासच्या गावांतून शेकडो माणसे अक्कादेवीच्या डोंगरावर गेली. गोळीबार झाला. आठ सत्याग्रही पडले, आणि त्या गोंधळात पनवेलचे मामलेदार जोशी हेही मृत्युमुखी पडले. त्यानंतर गावोगाव धरपकड झाली, खटला चालला. आरोपींच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.

आई सांगत होती ते यातले नव्हते. तिच्या आबांनी तिला गोळ्यांचे फारसे काही सांगितलेच नाही. सांगितले ते एवढेच, की पळताना कोयता हातून पडला, आणि नवा करायला घरात पैसे नव्हते. त्या वर्षीची कापणी शेजाऱ्याच्या कोयत्याने केली.

स्तंभापासून आम्ही महागणपतीच्या देवळात गेलो. शेंदूरचर्चित, भव्य, बैठी मूर्ती. देवळाच्या लोखंडी गजावर त्या गोळीबारातल्या गोळीची खूण दाखवतात. भाच्याने त्या खोबणीत बोट घालून पाहिले आणि बराच वेळ काही बोलला नाही.

यानंतर अक्कादेवी. भाच्याच्या मनात काय होते ते मला आदल्या दिवसापासून कळत होते. गाव मागे टाकून कच्ची वाट डोंगराकडे जाते. तांबडा चिखल, मधूनच वाहते पाणी, दगड. एवढ्यासाठीच तर टायर घेतले होते. आजीला पार वरपर्यंत बसल्या जागी नेऊन पोचवायचे, असा त्याचा बेत. बेत वाईट नव्हता, आणि त्यात प्रेम होते हेही खरे.

वाटेच्या तोंडाशी एक म्हातारा बांधाला बसला होता. बांध फुटला होता तो फावड्याने बुजवत होता. आमची गाडी पाहून तो उभा राहिला, पण बाजूला झाला नाही.

"गारी हितंच ठेवा," तो म्हणाला. या बाजूला 'ड' चा 'र' होतो.

भाचा उतरून बोलायला गेला. हळूहळू कळले ते असे. मागच्या रविवारी अशाच चार उंच गाड्या आल्या होत्या. वाटेवर पाणी म्हणून त्यांनी कडेने, बांधावरून गाड्या घातल्या. रुंद टायरांना बांध काय अडवणार! गाड्या गेल्या, बांधाला दोन खिंडारे पडली, आणि रात्रीत खाचरातले पाणी खालच्या ओढ्याला लागले. भात दुधात असताना पाणी गेले तर दाणा भरत नाही, पोचट राहतो. म्हाताऱ्याने एक लोंबी तोडून भाच्याच्या हातावर ठेवली आणि दाबायला सांगितली. दोन दाण्यांतून दूध आले, पाच रिकामे निघाले.

"नि वरती जंगलखात्याचा हद्दीचा दगड हाय," तो म्हणाला. "आमी भारा आणला तर इचारतात. तुमाला कोन इचारत नाय."

येथे सांगायला हवे, की ज्या १९२७ च्या कायद्याविरुद्ध चिरनेरकर उठले, तो कायदा दुरुस्त्या होत होत आजही चालू आहे, आणि राखीव जंगलात परवानगीवाचून शिरणे हा त्याप्रमाणे आजही गुन्हा आहे. भाच्याने एकदा वाटेकडे पाहिले, एकदा हातातल्या लोंबीकडे, आणि गाडी मागे घेऊन रस्त्याच्या कडेला, कोणाच्या आड येणार नाही अशी लावली.

आईला वर चढणे शक्य नव्हते. ती म्हाताऱ्याशेजारी बांधावरच बसली. दोघांची गावे, नाती, कोण कोणाकडे दिलेली, असा शोध सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला तो तिच्या चुलतभावाचा व्याही निघाला. "तू जाऊन ये," तिने नातवाला सांगितले. "आबा पायीच गेले होते. येताना मूठभर गवत आण."

"आजी, ते अजूनही बेकायदा असेल," भाचा म्हणाला. आई आणि म्हातारा दोघेही खळखळून हसले.

आम्ही दोघे चढून गेलो. चिखलात बूट रुतत होते. कातकऱ्यांची चार घरे लागली, मग झाडी, मग उघडा माळ. वर विशेष असे काहीच नाही. गवत, दगड, ओहोळाचा आवाज. एका बाजूला खाली खाचरे, त्यांच्यापलीकडे कंटेनरांचे रंगीत ठोकळे, आणि त्याहीपलीकडे धुक्यात मुंबई. भाचा म्हणाला, "मामा, इथवर गाडी आली असती." मी म्हटले, "आली असती." पुढे दोघेही गप्प राहिलो. खाली आलो तेव्हा त्याच्या पँटला गवताची कुसळे चिकटलेली होती. आईने ती एकेक वेचून रुमालात बांधली. कायद्यात याला काय म्हणतात, ते वकिलांनी सांगावे.

टायरांचे पैसे मात्र त्या दिवशी थोडेफार वसूल झाले. चिरनेर गणपतीच्या मूर्तींसाठी आणि मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेले आहे. चार दिवसांवर घटस्थापना होती. परत फिरताना गावाबाहेरच्या एका वळणावर घटांनी भरलेला टेंपो रस्ता सोडून चिखलात रुतलेला दिसला. मागची चाके जागच्या जागी फिरत होती आणि पेंढ्यात रचलेले शेकडो घट प्रत्येक हिसक्याला कुरकुरत होते. कुंभाराच्या घरची बाई डोक्याला हात लावून उभी होती. सहा महिन्यांच्या कमाईतला मोठा वाटा त्या टेंपोत होता.

भाच्याने पहिली गोष्ट केली ती मला अनपेक्षित होती. त्याने आपल्या टायरांतली हवा सोडली. बत्तीस पौंडांवरून अठरावर आणली. त्याचे कारण सोपे आहे. माणसांसकट गाडीचे वजन दोन हजार किलो धरले तर एका चाकावर पाचशे येतात. बत्तीस पौंड दाबाला टायर जमिनीला सुमारे २२० चौरस सेंटिमीटर टेकतो. अठराला टेकतो ३९० च्या आसपास. वजन तेच, पण पसरले, म्हणून चिखलात रुतत नाही. उंट वाळूत पाय पसरतो तसे. मग पट्टा बांधून, पहिल्या गियरमध्ये, हिसका न देता, मुंगीच्या पावलांनी त्याने टेंपो वर काढला. तीन घट तडकले, बाकी शाबूत. बाईने एक घट आईच्या मांडीवर आणून ठेवला. "मावशी, माहेरचा समजा," म्हणाली. पैसे घेईना.

वाटेत मी भाच्याला विचारले, की हवा कमी करून हे काम जुन्या टायरांनी झाले नसते का? तो प्रामाणिक मुलगा आहे. थोडा वेळ गाडी चालवत राहिला, मग म्हणाला, "झालं असतं."

घरी आल्यावर त्याने आणखी एक गोष्ट केली. कायद्याचे पुस्तक उघडले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते, की निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाला सोडून गाडीत फेरबदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ स्पष्ट केला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरबदलाला पाच हजार रुपयांचा भुर्दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारणार, हे वेगळेच. त्या दिवाळीच्या आधी गाडी पुन्हा पनवेलच्या गॅरेजात गेली. जुन्या स्प्रिंगा चढल्या, मूळ मापाचे पण खोल नक्षीचे टायर आले. मिस्त्रीने म्हणे काही विचारले नाही, नुसती जुनी स्प्रिंग कोपऱ्यातून काढून दिली; त्याने ती जपून ठेवली होती. भाऊबीजेला आई एका पायरीत गाडीत चढली.

चिरनेरला जाण्याचे ज्यांच्या मनात येईल, त्यांनी सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात जावे. साधी मोटार गावापर्यंत आरामात जाते. पनवेलहून जायचे तर गोवा रस्त्याने कर्नाळ्यावरून खारपाड्यापर्यंत जाऊन साई, दिघाटी, केळवणे असेही येता येते. ती वाट अधिक हिरवी आहे. मुलांना आठ नावे वाचायला लावावीत. देवळातला गज दाखवावा. अक्कादेवीकडे पायी जावे, बांध तुडवू नये, आणि कुंभारवाड्यातून एखादे मडके विकत घ्यावे.

आणि जायचे तर फार वाट पाहू नये. कर्नाळा, साई, चिरनेर मिळून १२४ गावांच्या जागी नवे शहर वसवण्याची योजना सरकारने २०२४ मध्येच जाहीर केली आहे. शहर होईल तेव्हा रस्ते गुळगुळीत होतील आणि उंच गाड्यांची गरज उरणार नाही. त्या म्हाताऱ्याचा बांध तेव्हा कोठे असेल, हे मात्र त्याला अजून कोणी सांगितलेले नाही. आम्ही निघालो तेव्हा तो दुसरे खिंडार बुजवायला लागला होता.